घरच्या जिगला स्कर्ट नीट कसा बांधायचा (खाडीतल्या जिताडा-तांबोशीसाठी)

शिशाची जिगहेड (गळावर ओतलेलं शिशाचं डोकं) घरी ओतणारे आता बरेच झालेत, साचे ऑनलाइन मिळतात, रंगही लोक छान देतात, पण स्कर्टवर, म्हणजे डोक्यामागे बांधायच्या पट्ट्यांच्या झालरीवर, आलं की गाडी अडते. दहा-बारा फेकीत स्कर्ट सरकून गळाच्या बाकापर्यंत गेलेला असतो, एका बाजूला पट्ट्यांचा गुच्छ आणि दुसऱ्या बाजूला टक्कल, आणि बांधलेला दोरा सुटून मागे लोंबतोय. मग माणूस वैतागतो आणि परत दुकानातली तयार जिग घेतो. अरे पण स्कर्ट बांधणं अवघड नाहीये, त्याचा एक क्रम आहे, तो क्रम पाळला की साध्या घरगुती सामानात इतका पक्का स्कर्ट बसतो की रंग उडेल पण स्कर्ट हलणार नाही.

आधी हे सांगतो की नीटपणावर मी एवढा जोर का देतोय. जिताडा (गोव्याकडे चोणक म्हणतात तोच) भक्ष्य चावून धरत नाही, तोंड झटक्यात उघडतो आणि पाण्यासकट आत ओढून घेतो, आणि हे तो बऱ्याचदा जिग खाली बसत असताना किंवा आपण ओढणं थांबवलं की करतो. म्हणजे जिग थांबलेली असते तेव्हा तिच्यात जी काय हालचाल असेल ती फक्त स्कर्टची. ओढताना पट्ट्या मागे चिकटतात, थांबलं की फुलतात, परत ओढलं की मिटतात, ही उघडझाप चारी बाजूंनी सारखी झाली तरच ते जिवंत वाटतं. पट्ट्या एका अंगाला जमल्या असतील तर जिग कलंडते, गोल फिरते, तंगूसला (गरवायच्या नायलॉन दोरीला) पीळ पडतो, आणि माशाला जे दिसतं त्यात आपण जिची नक्कल करतोय त्या कोळंबीचं काही राहत नाही.

माझ्या मते यातल्या नव्वद टक्के भानगडी दोन कारणांनी होतात: पट्ट्या गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या असतात आणि खालचा पाया गुळगुळीत असतो. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या आजूबाजूला आहे.

सामान

सिलिकॉनच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात, साधारण १२-१३ सेमी लांब, आणि चटईसारख्या एकमेकींना दोन्ही टोकांना जोडलेल्या येतात. ती टोकं आत्ता कापायची नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो कारण पाकीट उघडल्या उघडल्या पहिली कात्री तिथेच चालते. टोकं जोडलेली असली की पट्ट्या ओळीत राहतात, बांधताना विस्कटत नाहीत, ती कापायची अगदी शेवटी.

दोरा म्हणजे शिवणाचा साधा सुती दोरा नको. सोफा आणि बॅगा शिवणारे जो नायलॉनचा दोरा वापरतात त्यातला बारीक घ्या, किंवा जीन्स शिवायचा पॉलिस्टर दोरा. फार बारीक दोरा सिलिकॉनला कापतो, फार जाड घेतला तर कॉलरवर (हेडमागच्या दांडीवर) ढीग होतो, त्यामुळे मधला. थोडा चपटा बसणारा मिळाला तर उत्तमच. दोऱ्याला मधमाशीचं मेण चोळून घ्या, चांभाराकडे मिळतं, त्याने वेढे एकमेकांना धरून राहतात. मेणबत्तीचं मेण चालत नाही कारण ते निसरडं असतं आणि आपल्याला चिकट पाहिजे.

तार लागेल. त्यासाठी आपल्या भागातला मोटर रिवाइंडिंगवाला गाठा, त्याच्याकडे तांब्याच्या वाइंडिंग तारेचे उरलेले तुकडे पडलेले असतात. २८ गेज म्हणजे साधारण ०.३८ मिमी, ही १० ते १४ ग्रॅमच्या जिगला बरोबर. २० ग्रॅमच्या वर गेलात तर २६ गेज घ्या, साधारण ०.४६ मिमी. या तारेवर वार्निशचा थर असतो तो खरवडू नका, मुद्दाम राहू द्या, कारण खाऱ्या पाण्यात उघडं तांबं आणि गळाचं लोखंड एकमेकाला टेकलं की गळ लवकर गंजतो. वाइंडिंगवाला जवळ नसेल तर दागिन्यांच्या सामानाच्या दुकानात मणी ओवायची तार असते, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटला आणि पुण्यात रविवार पेठेत सहज मिळेल.

बाकी मग एक छोटा टेबल वाइस, नोज प्लायर, बारीक टोकाची धारदार कात्री, पारदर्शक नेलपॉलिश, कपडे वाळत घालायचा चिमटा आणि संपलेल्या पेनाची रिफिल. वाइस नसेल तर लॉकिंग प्लायर टेबलाच्या कडेला सी क्लॅम्पने आवळून ठेवा, काम भागतं. चिमटा आणि रिफिल कशाला ते पुढे येतंच.

हेड आधी साफ करा

ओतलेल्या हेडला साच्याच्या जोडाची एक बारीक कड राहते, ती हेडवर दिसते म्हणून लोक तिथे घासतात पण मागच्या कॉलरवर, म्हणजे जिथे स्कर्ट बांधायचा त्या दांडीवर, ती तशीच सोडतात. दोरा तुटायचं निम्मं कारण हे. बारीक कानशीने कॉलर गोल करून घ्या, मग बोटाचं नख त्यावरून गोल फिरवा, कुठेही अडकायला नको. हेड आणि कॉलर जिथे भेटतात त्या कोपऱ्यातही कानस घाला.

शिसं घासताना ते ओल्या कागदावर किंवा बाहेर घासा, भुकटी घरात उडू देऊ नका, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय चहा-बिस्कीट नको. लहान पोरं असतील तर हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर अजिबात करू नका. ओतण्याबद्दल इथे लिहीत नाही, फक्त एकच, वितळलेल्या शिशाच्या जवळपास ओलावा असता कामा नये, साचा ओला असेल तर शिसं उडतं आणि ते ३२७ अंशाच्या वरचं असतं.

रंग स्कर्टच्या आधी. रंग पूर्ण वाळू द्या, गळाचा डोळा (तंगूस बांधायचं भोक) सुईने मोकळा करा, आणि कॉलरवर रंग चढला असेल तर तो सॅंडपेपरने खरबरीत करून टाका, तिथे चकाकी काही कामाची नाही.

पाया

जिग वाइसमध्ये गळाच्या बाकापाशी पकडा, दांडा आडवा. रिफिलचा सेंटीमीटरभर तुकडा कापून गळाच्या टोकावर चढवा. त्याने दोरा टोकाला अडकून कातरत नाही आणि तुमची बोटंही वाचतात.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. वाइसमध्ये गळाचं टोक खाली असतं, पण जिग पाण्यात पोहते तेव्हा टोक वर असतं. म्हणजे तुम्हाला आत्ता जी खालची बाजू दिसतेय ती पाण्यात कोळंबीची पाठ. गडद रंग टोकाच्या बाजूला, फिकट रंग त्याच्या विरुद्ध. हे उलटं झालं तर कोळंबीचं पोट काळं आणि पाठ पांढरी, आणि स्कर्ट कितीही सुबक असला तरी परत सोडावा लागतो.

दोरा कॉलरवर हेडला लागून सुरू करा, पहिले दोन वेढे स्वतःच्याच टोकावरून घ्या म्हणजे ते दाबलं जाईल, मग एकाला एक चिकटून मागे जा आणि परत पुढे या. १०-१२ वेढे पुरतात. वेढे चढवून ढीग करू नका, एकच सपाट थर पाहिजे. त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब लावा आणि तो अर्धवट वाळेपर्यंत थांबा, चिकट असतानाच पुढचं काम करायचं. या थराला सिलिकॉन जे धरतं ना, ते नुसत्या शिशाला किंवा रंगाला कधीच धरत नाही. फेविक्विक लावून सिलिकॉन थेट शिशाला चिकटवायचा प्रयत्न करू नका, सिलिकॉनला तो चिकटतच नाही, वरवर धरल्यासारखा वाटतो आणि पाण्यात पहिल्या झटक्याला सुटतो. गोंद काय लावायचा तो दोऱ्याला.

दोरा सोडून हात मोकळा करायचा असेल तर त्याला कपड्याचा चिमटा लावून लोंबता सोडा, वजनाने ताण टिकून राहतो. बॉबिन होल्डर (दोऱ्याचं रीळ ताणात धरणारं साधन) असेल तर प्रश्नच नाही, पण नसेल म्हणून अडायची गरज नाही.

पट्ट्या किती आणि कशा

१० ते १४ ग्रॅमच्या हेडला १८ ते २४ पट्ट्या बस झाल्या. ऐकायला कमी वाटतं, पण पट्टी मध्यावर बांधली जाते, एक टोक पुढे एक मागे, म्हणजे २० पट्ट्यांची ४० शेपटं होतात. ४० पट्ट्या घातल्यात तर ८० शेपटं, मग आतल्या पट्ट्यांना हलायला जागा नाही, वेढे आतपर्यंत दाबत नाहीत आणि मधल्या पट्ट्या हळूहळू निसटायला लागतात. जाड स्कर्ट हवेत हातात धरला की भरगच्च आणि भारी दिसतो, पाण्यात तो एक गोळा असतो. पावसाळ्यात खाडीला गढूळ पाणी असताना थोड्या वाढवा, २८-३० पर्यंत, कारण तिथे माशाला दिसण्यापेक्षा पाण्याचा धक्का जाणवणं महत्त्वाचं. स्वच्छ पाण्यात, थंडीच्या दिवसात, मी १६ वरही येतो.

चटईतून पट्ट्या चार भागात वेगळ्या करा, टोकं जोडलेलीच ठेवून. माझं कोळंबीसाठीचं ठरलेलं मिश्रण असं: पाठीला ६ पारदर्शक तपकिरी, पोटाला ६ फिकट नारिंगी किंवा मातकट, आणि दोन्ही बगलांना ४-४ हिरवट तपकिरी ज्यात काळे ठिपके असतात. चमकीच्या पट्ट्या दोन्ही बगलांना एकेकच. चमकी जास्त झाली की जिताडा मागे मागे येतो आणि वळतो, असं माझं मत आहे, इतरांचं वेगळं असेल. बोयच्या पिल्लांवर मासे तुटून पडत असतील तेव्हा पांढरा, पाठीला राखाडी, आणि चमकी थोडी जास्त चालते. रात्री काळा-जांभळा.

आता बांधणी. पाठीचा भाग पहिला घ्या. मध्य बरोबर कॉलरवर येईल असा ठेवा, पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या नकोत, शेजारी शेजारी सपाट, आणि डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीच्या चुटकीत जिगसकट धरा. दोरा चुटकीच्या आतूनच वर न्या, सैल, पलीकडे खाली आणा आणि मग सरळ खाली ओढा. सैल नेऊन मग ओढायचं, हे महत्त्वाचं, कारण ताणलेला दोरा फिरवलात तर तो पट्ट्यांना स्वतःबरोबर घेऊन पलीकडे जातो आणि तिथे गुच्छ होतो. टक्कल आणि गुच्छ यांचं मूळ इथे आहे. प्रत्येक भागाला दोनच वेढे. मग पोटाचा भाग, दोन वेढे. मग बगला. चारही भाग बसले की हेडच्या पुढून, म्हणजे डोळ्याच्या बाजूने, बघा. पट्ट्या घड्याळाच्या आकड्यांसारख्या गोलात सारख्या दिसल्या पाहिजेत. अजून वेढे दोनच आहेत त्यामुळे नखाने हलवून जागा नीट करता येते, नंतर नाही येणार, म्हणून इथे घाई करू नका.

पटलं की घट्ट ८-१० वेढे, सगळे ४-५ मिमीच्या जागेत, हेडला जितकं लागून जमेल तितकं. स्कर्ट आणि हेड यांच्यात फट राहिली तर तिवराच्या मुळातला कचरा, शेवाळ नेमकं तिथेच अडकतं.

आता दहा मिनिटं चिमटा लटकवून सोडून द्या. सिलिकॉन दाबलं की हळूहळू बसतं आणि पहिला घट्टपणा थोडा कमी होतो. दहा मिनिटांनी परत ४-५ वेढे पूर्ण ताकदीने, दोरा तुटायच्या बेताला येईल इतपत, आणि मग तीन-चार अर्ध्या गाठी. हे दुसऱ्यांदा आवळणं बरेच जण करत नाहीत आणि महिन्याभराने स्कर्ट गोल फिरायला लागला की दोऱ्याला दोष देतात.

तार

गोड्या पाण्यात मरळीसाठी वगैरे नुसता दोरा चालून जातो. खाडीत खडकाला, कालवांना, तिवराला घासून दोरा संपतो म्हणून वरून तार हवीच. दोऱ्याच्या थरावर तार घातल्याने ती पट्ट्यांना कापत नाही, थेट सिलिकॉनवर घातलीत तर पिळताना दोन-चार पट्ट्या हमखास तुटतात.

१५ सेमी तार घ्या. मध्य पोटाच्या बाजूला ठेवून (म्हणजे वाइसमध्ये वरच्या बाजूला, आठवतंय ना) तीन वेढे एकाशेजारी एक, दोन्ही टोकं टोकाच्या बाजूला खाली आणा. ती एकमेकांवरून नेऊन हाताने एक पीळ द्या, मग प्लायरने दोन्ही टोकं एकत्र पकडा आणि आधी ओढा, मग पिळा. ओढून धरलेल्या अवस्थेतच पिळायचं. न ओढता नुसतं पिळत बसलात तर पीळ तारेतच साठतो, स्कर्टवर ताण येतच नाही, आणि एका क्षणी कट आवाज होऊन तार तुटते. ओढा, अर्धा पीळ, ओढा, अर्धा पीळ. तीन-चार पूर्ण पिळात तार दोऱ्यात रुतलेली दिसते, वार्निशचा रंग पिळापाशी थोडा पांढुरका व्हायला लागतो, तिथे थांबा.

३ मिमी शेपूट ठेवून कापा आणि ते टोक मागे, बाकाच्या दिशेला, पट्ट्यांच्या खाली दाबून टाका. पुढे वळवलं तर फेकताना तंगूस त्याला अडकतं आणि मासा सोडवताना बोटात घुसतं ते वेगळंच. कापलेल्या टोकावर तांबं उघडं पडतं, म्हणून त्याच्यावर आणि सगळ्या वेढ्यांवर नेलपॉलिशचे दोन हात, मध्ये अर्धा तास सोडून. अराल्डाइट लावलं तर आणखी पक्कं, पण अगदी थोडं, काडीच्या टोकावर घेऊन, पट्ट्यांच्या मुळात उतरलं तर त्या तिथे काठीसारख्या कडक होतात आणि फुलत नाहीत.

कापणी

हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण इथे जिगला रूप येतं. जिग वाइसमधून काढा, डोळ्यात धरून उलटी लोंबती सोडा, सगळ्या पट्ट्या बोटांनी मागे ओघळू द्या. आता मागची जोडलेली टोकं कापा, बाकाच्या पुढे एक ते दीड सेमी लांब ठेवून. यापेक्षा लांब ठेवलं तर तांबोशी नुसती शेपटं खेचून जाते, ठक्क असा झटका येतो आणि गळाला काही नाही.

पुढच्या अर्ध्या पट्ट्या मागच्यांपेक्षा आखूड पाहिजेत, त्या दुमडून मागे आल्यावर दांड्याच्या मध्यापर्यंत आल्या तरी खूप झालं. या आखूड पट्ट्याच मागच्या लांब पट्ट्यांना उचलून धरतात आणि फुलवतात. दोन्ही सारख्या लांबीच्या ठेवल्या तर सगळं मिळून मागे एक शेपूट होतं. आणि कात्री आडवी मारून ब्रशसारखी सरळ कड करू नका, कात्री उभी धरून तिरके तिरके छोटे काप घ्या, टोकं पुढेमागे राहिली पाहिजेत. शेवटी पट्ट्या एकेक करून सोडवा, काही ठिकाणी अजून चिकटलेल्या असतात, त्या दोन बोटांत धरून हलकं ताणलं की सुटतात.

बादली

खाडीवर नेण्याआधी बादलीत बघा. हातभर तंगूस बांधा, जिग पाण्यात सोडा आणि वरून बघत हळूच उचला-सोडा करा. थांबल्यावर गोल छत्री व्हायला पाहिजे. कलंडत असेल तर जड बाजूच्या दोन पट्ट्या मुळापासून कापा, एकदम जास्त नको, एक एक करून. फुलतच नसेल तर पुढच्या पट्ट्या अजून आखूड करा. तरी फुलली नाही तर पट्ट्या जास्त झाल्यात, दोन पाठीच्या दोन पोटाच्या काढा. नव्या सिलिकॉनला कधी कधी कारखान्याची तेलकट पावडर असते त्यामुळे पट्ट्या एकमेकींना चिकटतात, भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून धुतलं की मोकळ्या होतात.

पिसांचा स्कर्ट

सिलिकॉन नसेल मिळत किंवा परवडत नसेल तर गावठी कोंबड्याची पिसं झकास. चिकनवाल्याला सांगून मानेची आणि पाठीची लांब टोकदार पिसं घ्या, शाम्पूने धुवा, सावलीत वाळवा, डब्यात डांबरगोळी टाकून ठेवा नाहीतर कीड लागते. बांधताना पिसाच्या मुळाशी जो कापूस असतो तो ओढून काढा, ३-४ मिमी काडी मोकळी राहू द्या, आणि ती काडी प्लायरने चपटी करा. हे चपटं करणं विसरू नका, गोल काडी दोऱ्याखाली लोळते आणि पीस आडवं फिरतं. मागे सहा पिसं, तीन-तीन, फुगीर बाजू आतल्या बाजूला एकमेकींकडे ठेवून म्हणजे टोकं बाहेर वळतात आणि ओढताना पायांसारखी उघडमीट करतात. त्याच्या पुढे एक-दोन लांब पिसं कॉलरभोवती गुंडाळायची, दर वेढ्याला तंतू मागे सारत, की झाली गोल झालर. पिसं सिलिकॉनपेक्षा हळू पाण्यात जास्त जिवंत वाटतात, उघाडीच्या (खाडीच्या बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) तोंडाशी मंद ओढ असते तिथे तर मी पिसंच लावतो. फक्त दाताळ मासे ती लवकर संपवतात.

केसांचा करायचा असेल तर बोकडाच्या शेपटीचे केस घ्या. परदेशी व्हिडिओत सगळे हरणाच्या शेपटीचे केस वापरतात, ते बघून कुणाकडे तरी जुनं चितळाचं किंवा सांबराचं कातडं आहे म्हणून त्याचे केस काढू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली असली वस्तू बाळगणं हाच गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी जिगसाठी कुणी हरणाला हात लावावा असं मला वाटत नाही. बोकडाचे केस कंगव्याने विंचरून आतली मऊ लोकर काढून टाका, टोकं जुळवायला पेनाच्या टोपणात टोकं खाली करून केस उभे टाका आणि टेबलावर टकटक आपटा, सगळी टोकं एका रेषेत येतात. पेन्सिलच्या शिशाएवढ्या बारीक जुड्या करून आठ-दहा ठिकाणी गोल बांधा, एकदम मोठी जुडी घातली की आतले केस धरले जात नाहीत. केसांना मात्र गोंद छान चिकटतो, दर दोन जुड्यांनंतर फेविक्विकचा बारीक थेंब मुळाशी टाकला तरी चालेल.

घाईचा उपाय

खाडीवर उभे आहात, स्कर्ट फाटलाय, बांधायला वेळ नाही. यासाठी खिशात सायकलच्या वॉल ट्यूबचे (व्हॉल्व्हवर चढवतात त्या बारीक रबरी नळीचे) ३-४ मिमीचे तुकडे ठेवावेत. सायकलवाल्याकडे फूटभर ट्यूब अगदी स्वस्तात मिळते. तुकडा बंद केलेल्या नोज प्लायरच्या टोकांवर चढवा, प्लायर उघडा, रिंग ताणली जाते, तिच्यातून पट्ट्या मध्यापर्यंत ओवा, प्लायर मिटून काढून घ्या, स्कर्ट तयार. मग गळाच्या टोकावरून सरकवत कॉलरवर बसवा. हे रबर उन्हाने आणि खाऱ्या हवेने एका मोसमात चिरतं, त्यामुळे घरी आलात की काढून तारेचा बांधा.

सांभाळणं

घरी आल्यावर गोड्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवा, मिठाचे कण वेढ्यात राहिले की गळ कॉलरच्या आतून गंजतो आणि ते बाहेरून दिसत नाही, मोठा मासा लागल्यावरच कळतं. मग डोळ्यात तार घालून सावलीत टांगा, पट्ट्या दुमडलेल्या वाळल्या तर त्यांना तसाच बाक राहतो. डब्यात रबरी कोळंबी, शॅड वगैरे मऊ प्लास्टिकची आमिषं आणि स्कर्टवाल्या जिग एका कप्प्यात ठेवू नका, मऊ प्लास्टिकचा रंग पट्ट्यांना लागतो, जिगचा रंग मऊ पडतो आणि रबराच्या पट्ट्या असतील तर त्या चिकट होऊन विरघळायला लागतात. जिगला मागे मऊ कोळंबी लावून गरवत असाल तर घरी आल्यावर ती काढून ठेवा.

दर काही दिवसांनी वेढ्यांवर नख फिरवून बघा. नेलपॉलिश चिरलं असेल तर परत एक हात द्या. स्कर्ट दोन बोटांत धरून फिरवला आणि तो कॉलरवर जरा जरी फिरला, तर वरून आणखी तार गुंडाळत बसू नका, सगळं कापून काढा आणि पायापासून परत बांधा, हेड आणि गळ चांगले असतील तर एका जिगला अर्ध्या तासाच्या वर लागत नाही. बाहेर पाऊस धरलेला असतो ते जून-जुलैचे दिवस यासाठी बरे, जुन्या सगळ्या जिग काढा, गंजलेले गळ बाजूला करा आणि बाकीच्यांना नवे स्कर्ट चढवून ठेवा.